परतलेल्यांचे वतन

म्युनिकच्या मुख्य रेल्वे स्थानकातील अकरा क्रमांकाचा फलाट तुर्कस्तानातील हजारो घरांच्या कुलवृत्तांतात कायमचा नोंदला गेला आहे. ३० ऑक्टोबर १९६१ रोजी पश्चिम जर्मनी आणि तुर्कस्तान यांच्यात कामगारभरतीचा करार झाला. त्यानंतर इस्तंबूलच्या सिर्केजी स्थानकातून निघालेल्या आगगाड्या दोन-तीन दिवसांचा प्रवास करून या फलाटावर माणसे उतरवू लागल्या. हाती एक पेटी, खिशात वैद्यकीय तपासणीत उत्तीर्ण झाल्याचा दाखला आणि मनात साधा हिशेब: दोन वर्षे राबायचे, चार पैसे गाठीला बांधायचे आणि गावी परतायचे. मूळ करारातही दोन वर्षांचीच मर्यादा होती. १९६४ मध्ये ती काढून टाकण्यात आली, कारण शिकवून तयार केलेला कामगार परत पाठवून नवा आणणे जर्मन कारखानदारांना परवडेना.

या पाहुण्या कामगारांना सरसकट ‘अकुशल’ म्हणण्याची प्रथा पडली आहे. ती वस्तुस्थितीला धरून नाही. त्यांत सुतार होते, गवंडी होते, यंत्रशाळेत हात तयार झालेले कारागीर होते. इतकेच नव्हे, तर शाळेतील नोकरी सोडून कारखान्यात जुंपून घेतलेले प्राथमिक शिक्षकही होते. त्यांचे कौशल्य जर्मनीने वापरले. ते मायदेशी परतले तेव्हा त्या कौशल्याचे काय झाले, हा प्रश्न मात्र तुर्कस्तानने फार उशिरा विचारला. देश सोडून गेलेल्यांची मोजदाद सर्वच राष्ट्रे करतात. परतून आलेल्यांचे पुढे काय झाले, याचा ताळेबंद क्वचितच मांडला जातो. तुर्कस्तानचा हा ताळेबंद म्हणूनच बारकाईने पाहण्याजोगा आहे.

पैसे देऊन केलेली पाठवणी

१९७३ च्या नोव्हेंबरात जर्मनीने नवी भरती थांबवली. दहा वर्षांनी, बेकारी वाढल्यावर, हेल्मुट कोल यांच्या सरकारने परदेशी कामगारांच्या परतीला उत्तेजन देणारा कायदा केला. कारखाना बंद पडल्याने वा काम घटल्याने ज्यांच्यावर संकट आले होते, अशांनी कुटुंबासह देश सोडल्यास त्यांना १०,५०० मार्क आणि प्रत्येक अपत्यामागे १,५०० मार्क मिळणार होते. १९८३-८४ या अल्प काळात सुमारे अडीच लाख तुर्की माणसे मायदेशी परतली.

परत आलेल्या माणसाच्या हातात पैसा होता. त्याच्या हाताला योग्य काम मात्र नव्हते. जर्मन मोटार कारखान्यात दहा-पंधरा वर्षे घालवलेल्या कामगाराने गावी येऊन घर बांधले, ट्रॅक्टर घेतला, टॅक्सी चालवली किंवा किराणा मालाचे दुकान थाटले. पुन्हा कारखान्यात पाऊल टाकण्याची त्याची इच्छा नव्हती, आणि त्याच्या गावाजवळ तसा कारखानाही नव्हता. कापडाचा धागा जोखणारी वा यंत्राचा आवाज ऐकून बिघाड ओळखणारी बोटे आणि कान गल्ल्यावर बसून नाणी मोजू लागले.

काहींनी सामुदायिक प्रयत्नही केले. साठ-सत्तरच्या दशकांत जर्मनीतील तुर्की कामगारांनी आपापल्या बचती एकत्र करून स्वतःच्या भागीदारी कंपन्या स्थापन केल्या आणि अनातोलियातील आपल्या मागास जिल्ह्यांत कारखाने उभारण्याचे स्वप्न पाहिले. त्यामागची भावना निखळ होती. आपल्या घामाचा पैसा आपल्या मातीत रुजावा, एवढीच ती इच्छा होती. तथापि जागा पाहिली गेली ती गावाच्या प्रेमाने. तेथे रस्ता, वीज, कच्चा माल आणि बाजारपेठ आहे का, हे नंतर पाहिले गेले. व्यवस्थापनाचा अनुभव नव्हता, स्थानिक राजकारण आड आले, बँका उदासीन राहिल्या. यांतील बहुतेक कंपन्या बुडाल्या. त्यांच्याबरोबर हजारो कामगारांची पुंजी बुडाली, आणि त्याहून मोठी हानी ही झाली की गावाकडे पैसा पाठवण्याचा विश्वास बुडाला.

मुलांची स्थिती आणखी विचित्र होती. जर्मनीत जन्मलेली, जर्मन शाळेत वाढलेली ही मुले एकाएकी तुर्की शाळेच्या बाकावर बसली. भाषा तोडकीमोडकी, शिस्तीची कल्पना निराळी, शिक्षकाला प्रश्न विचारण्याची सवय उद्धटपणात मोडणारी. शासनाने त्यांच्यासाठी जुळवणीचे वर्ग काढले आणि जर्मन माध्यमाच्या काही शाळा उघडल्या, हे मान्य केले पाहिजे. तरीही समाजाने त्यांना एक नाव दिलेच: ‘अल्मांजी’, म्हणजे जर्मनीवाला. हा शब्द कौतुकाचा नाही. जर्मनीत जो परका होता, तो आपल्या गावच्या चहाच्या दुकानातही परकाच ठरला. पुढे यांतील अनेक जण जर्मन भाषेचे शिक्षक, दुभाषे आणि पर्यटन व्यवसायातील कर्मचारी झाले. त्यांच्या दुसऱ्या भाषेला बाजार मिळाला. त्यांच्या दुसऱ्या दृष्टीला मात्र कोणी विचारले नाही.

आशेची दहा वर्षे

एकविसाव्या शतकाच्या आरंभी चित्र पालटले. २००१ च्या आर्थिक संकटातून तुर्कस्तान सावरला. ऑक्टोबर २००५ मध्ये युरोपीय संघाशी प्रवेशाच्या वाटाघाटी सुरू झाल्या. २००२ ते २००८ या काळात दरडोई उत्पन्न डॉलरमध्ये सुमारे तिपटीने वाढले. इस्तंबूलमध्ये जर्मन कंपन्यांची कार्यालये उघडली, बँका विस्तारल्या, खासगी विद्यापीठांनी परदेशांत शिकलेल्या प्राध्यापकांना बोलावणे धाडले.

आणि कामगारांची नातवंडे येऊ लागली. या वेळी त्यांच्या हाती पेटी नव्हती. जर्मन विद्यापीठाची पदवी होती. अभियंते, वकील, अर्थतज्ज्ञ, वास्तुविशारद अशी ही पिढी होती. जर्मनीत पदवी असूनही अर्जावरील तुर्की नाव पाहून मुलाखतीचे बोलावणे येत नाही, हा अनुभव यांतील अनेकांच्या गाठी होता. इस्तंबूलमध्ये त्याच नावाला मोल होते आणि जर्मन भाषेला दुप्पट मोल होते. २००६ पासून सुमारे दहा वर्षे अशी गेली की तुर्कस्तानातून जर्मनीकडे जाणाऱ्यांपेक्षा जर्मनीतून तुर्कस्तानात येणाऱ्यांची संख्या अधिक होती. साठ वर्षांच्या या कथेत हा काळ अपवादात्मक म्हणावा लागेल. यांतील सर्वांना कायमचे स्थिरावायचे होते असे नाही. परंतु वारा पूर्वेकडे वाहू लागला होता, यात शंका नाही.

याच काळात परतलेल्या एका तरुणाचे नाव आज जगभर माहीत आहे. सेल्चुक बायराक्तार हा अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात आणि एमआयटीत शिकलेला अभियंता. पीएच.डी.चे काम अर्धवट सोडून तो २००७ मध्ये मायदेशी आला आणि वडिलांच्या कंपनीत मानवरहित विमानांच्या कामाला लागला. २०१४ मध्ये उड्डाण केलेल्या त्यांच्या ‘टीबी-२’ या ड्रोनने पुढे नागोर्नो-काराबाखपासून युक्रेनपर्यंतच्या युद्धांत आपला ठसा उमटवला. मे २०२५ मध्ये ‘ऑपरेशन सिंदूर’च्या वेळी पाकिस्तानने भारतावर सोडलेल्या ड्रोनांपैकी काही तुर्की बनावटीची असल्याचे प्राथमिक तपासणीच्या आधारे भारत सरकारने सांगितले. ती दुसऱ्या तुर्की कंपनीची होती, तरी धागा एकच आहे. तुर्कस्तानच्या शासनाविषयी भारतीयांच्या मनात प्रेम असण्याचे कारण नाही. परंतु प्रतिस्पर्ध्याचे बळ कोठून येते आणि त्याचे दौर्बल्य कोठे आहे, या दोन्ही गोष्टींचा अभ्यास रागापेक्षा अधिक उपयोगी पडतो.

बायराक्तारच्या परतीचे इंगित काय? त्याला मायदेशाने केवळ हाक मारली नव्हती. त्याच्यासाठी कार्यशाळा तयार होती, काम निश्चित होते आणि त्या कामाला सैन्यदलासारखा ग्राहक होता. पुढे २०१६ मध्ये तो राष्ट्राध्यक्ष एर्दोगान यांचा जावई झाला, हेही नोंदवले पाहिजे. मग प्रश्न उरतो तो असा: ज्याच्या वडिलांची कंपनी नाही आणि सत्तेच्या घराशी ज्याची सोयरीक नाही, त्या परतलेल्या संशोधकाचे काय?

विश्वासाला गेलेला तडा

१५ जुलै २०१६ च्या रात्री तुर्कस्तानात लष्करी उठावाचा प्रयत्न झाला. अडीचशेच्या आसपास लोक प्राणांस मुकले. लोकनियुक्त शासन रणगाड्यांनी उलथवण्याचा तो प्रयत्न निषेधार्हच होता, आणि दोषींना शासन होणे न्याय्य होते. परंतु त्यानंतर पुकारलेली आणीबाणी दोन वर्षे चालली. वटहुकमांच्या याद्यांतून एक लाखाहून अधिक सरकारी सेवक बडतर्फ झाले. त्यांत सहा हजारांहून अधिक विद्यापीठीय अध्यापक होते. अनेकांची पारपत्रे रद्द झाली. विद्यापीठांतील कुलगुरुपदाच्या निवडणुका त्याच वर्षी बंद करण्यात आल्या आणि नेमणुकीचा अधिकार थेट राष्ट्राध्यक्षांकडे गेला. १९७५ ची आणीबाणी ज्यांच्या घरावर कोसळली, त्या पिढीला याचा अर्थ उलगडून सांगण्याची आवश्यकता नाही. दाराशी कोण कधी येईल याची शाश्वती नसते, तेव्हा माणूस प्रयोगशाळेत दहा वर्षांचा प्रकल्प आखत नाही.

आणीबाणी उठल्यावर, २०१८ च्या अखेरीस, तुर्कस्तानच्या वैज्ञानिक संशोधन परिषदेने परदेशांतील नामांकित संशोधकांना बोलावण्याची मोठी योजना जाहीर केली. भरीव मानधन, संशोधनासाठी स्वतंत्र निधी, कुटुंबासाठी सवलती असे सारे त्यात होते. काही जण आलेही, आणि त्यांतील कित्येकांनी चांगले काम केले. परंतु मानधन लिरामध्ये होते. २०१८ च्या अखेरीस एका डॉलरला सव्वापाच लिरांच्या आसपास मोजावे लागत. २०२४ च्या अखेरीस पस्तीस मोजावे लागू लागले. ऑक्टोबर २०२२ मध्ये सरकारी आकड्यांप्रमाणेच महागाईचा वार्षिक दर ८५ टक्क्यांवर पोहोचला होता. मानधन वाढवले जाते, पण ते महागाईच्या मागून धापा टाकत येते.

पैशाची अडचण मात्र दुय्यमच म्हटली पाहिजे. जानेवारी २०२१ मध्ये इस्तंबूलच्या बोआझिची विद्यापीठात राष्ट्राध्यक्षांनी बाहेरचा कुलगुरू नेमला. १८६३ मध्ये स्थापन झालेल्या रॉबर्ट कॉलेजचा वारसा सांगणारी ही संस्था १९७१ पासून सार्वजनिक विद्यापीठ म्हणून नावारूपाला आली आणि परदेशांतून परतणाऱ्या विद्वानांचे ते हक्काचे घर होते. तेथील प्राध्यापक गाऊन परिधान करून, कुलगुरूंच्या कार्यालयाकडे पाठ करून महिनोन्‌महिने मूकपणे उभे राहिले. त्याच वर्षी जुलैत तो कुलगुरू हटवला गेला. पण नेमणुकीची पद्धत बदलली नाही. परतण्याचा विचार करणारा संशोधक केवळ योजनेची जाहिरात वाचत नाही. तो अशा बातम्याही वाचतो.

डॉक्टरांचे उदाहरण सर्वांत बोलके आहे. परदेशी वैद्यकीय सेवा करू इच्छिणाऱ्या तुर्की डॉक्टराला आपल्या वैद्यकीय संघटनेकडून सद्वर्तनाचा दाखला घ्यावा लागतो. २०१२ मध्ये असे दाखले मागणारे डॉक्टर ५९ होते. २०२२ मध्ये त्यांची संख्या २,६८५ झाली. दाखला घेणारा प्रत्येक जण देश सोडतोच असे नाही, पण मन कोठे लागले आहे हे त्यातून कळते. अपुरे वेतन, मिनिटांवर मोजलेले रुग्ण आणि रुग्णालयांत डॉक्टरांना होणारी मारहाण, ही त्यांची गाऱ्हाणी होती. मार्च २०२२ मध्ये राष्ट्राध्यक्षांनी जाणाऱ्यांना खुशाल जाऊ द्या, अशा आशयाचे उद्गार काढले. काही दिवसांतच त्यांचा सूर मवाळ झाला. परंतु घरातल्या वडीलधाऱ्याने रागाच्या भरात ‘चालता हो’ म्हटलेले मुलगा विसरत नाही. मग समजूत कितीही काढा.

ऋणाचा युक्तिवाद

यावर एक आक्षेप घेतला जातो आणि तो क्षुल्लक नाही. ज्या समाजाने कर भरून डॉक्टर घडवला, त्याचे ऋण त्या डॉक्टरावर नाही काय? निश्चितच आहे. ऋणाची जाणीव नसलेली विद्वत्ता ही समाजाच्या खांद्यावरचे ओझेच होय. तुर्की प्रजासत्ताकाला ही गोष्ट आरंभापासून ठाऊक होती. १९२४ मध्ये खिलाफत मोडीत काढणाऱ्या केमाल पाशांच्या राजवटीने १९२९ मध्ये कायदा करून हुशार विद्यार्थ्यांना सरकारी खर्चाने युरोपात धाडण्याची व्यवस्था केली, आणि परतल्यावर सेवेचे बंधनही घातले.

तो प्रयोग फळला, याचे कारण केवळ बंधन नव्हे. परतणाऱ्यासाठी खुर्ची तयार होती. १९३३ मध्ये इस्तंबूलच्या जुन्या विद्यापीठाची पुनर्रचना झाली. हिटलरच्या छळामुळे परागंदा झालेल्या कित्येक जर्मन प्राध्यापकांना तेथे आसरा मिळाला. त्या वातावरणात परतलेला एक गणिती म्हणजे जाहित आर्फ. पॅरिसला शिक्षण, १९३८ मध्ये जर्मनीतील ग्योटिंगेनला डॉक्टरेट आणि नंतर इस्तंबूल. जगाच्या गणितात ज्याच्या नावाने एक संकल्पना ओळखली जाते, असा हा माणूस मायदेशी बसून काम करत राहिला. १९६३ मध्ये वैज्ञानिक संशोधन परिषद स्थापन झाली, तेव्हा तिच्या विज्ञान मंडळाचे पहिले अध्यक्षपद त्याच्याकडे आले. २००९ च्या मालिकेतील दहा लिरांच्या नोटेवर त्याचे चित्र आणि त्याचे सूत्र छापलेले आहे. ज्या नोटेचे मोल आज घसरले आहे, तिच्यावर परतून आलेल्या माणसाची मुद्रा असावी, हा दैवदुर्विलास म्हणावा लागेल.

याउलट न परतलेल्यांची यादीही डोळ्यांसमोर ठेवावी. मार्दिन प्रांतातील सावूर या लहान गावी जन्मलेले अझीझ सांजार यांना २०१५ चे रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले, ते अमेरिकेतील कार्यासाठी. त्यांनी आपले पदक १९ मे २०१६ रोजी केमाल पाशांच्या समाधिस्थळी अर्पण केले. पदक मायदेशी आले, प्रयोगशाळा नाही. कोलोनच्या मोटार कारखान्यातील तुर्की कामगाराचा मुलगा उगुर शाहिन आणि त्याची पत्नी ओझलेम त्युरेजी यांच्या मेहनतीतून २०२० मध्ये कोरोनाची लस साकारली, ती जर्मनीतील माइन्झ शहरी. आणि इस्तंबूलमध्ये जन्मलेले दारोन आजेमोग्लू यांना २०२४ मध्ये अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले, ते राष्ट्रांची समृद्धी त्यांच्या संस्थांच्या गुणवत्तेवर कशी अवलंबून असते, या संशोधनासाठी. ज्या प्रश्नाचे उत्तर तुर्कस्तान धुंडाळत आहे, ते उत्तर त्याच्याच एका सुपुत्राने अमेरिकेत बसून लिहिले.

हक्क आणि चाकरी

तुर्की भाषेत मायदेशाला ‘वतन’ म्हणतात. मूळ अरबी असलेला हा शब्द मराठीतही आला. पण येथे त्याला वेगळा अर्थ चिकटला. मराठी मुलखात वतन म्हणजे पाटीलकी, कुलकर्णीपण, देशमुखी. त्यात मान होता, हक्क होता आणि त्याबरोबर गावाची चाकरीही होती. नुसती चाकरी आणि हक्क काहीच नाही, अशा व्यवस्थेला कोणी वतन म्हटले नसते. नामिक केमाल या लेखकाचे वतनावरील नाटक १८७३ मध्ये इस्तंबूलच्या रंगभूमीवर आले. त्याने प्रेक्षक इतके पेटून उठले की सुलतानाच्या शासनाने लेखकालाच सायप्रसमध्ये हद्दपार केले. ज्याने तुर्कांना वतनाचे प्रेम शिकवले, त्यालाच वतनातून जावे लागले. दीडशे वर्षे उलटली, तरी तो विरोधाभास तेथे मिटलेला नाही.

राष्ट्रप्रेमाची हाक माणसाला विमानतळापर्यंत आणते. त्यापुढचा प्रवास मात्र त्याला रोज करायचा असतो: कार्यालयाच्या पायऱ्यांपासून, मंजुरीच्या कागदापासून, मुलांच्या शाळेपासून, वरिष्ठाला ‘नाही’ म्हणता येते की नाही येथपर्यंत. तेथे त्याला हक्काचे स्थान मिळाले तर तो चाकरी आनंदाने करतो. न मिळाले तर तो पुन्हा जातो. आणि दुसऱ्यांदा गेलेला माणूस सहसा परतत नाही.

परदेशस्थ तज्ज्ञांच्या ज्ञानाचा मायदेशाला लाभ व्हावा, यासाठी संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाने १९७७ मध्ये आखलेल्या योजनेचा पहिला प्रयोग तुर्कस्तानातच झाला. पुढे भारतासह अनेक देशांनी ती योजना स्वीकारली. म्हणजे दोन्ही देशांचा प्रश्न एकाच वहीतला आहे. पुण्या-ठाण्याच्या कितीतरी घरांत आज आई-वडील संगणकाच्या पडद्यावर नातवंडांचे वाढदिवस साजरे करतात आणि ‘परत कधी येणार?’ हा प्रश्न ओठांवर येऊनही गिळून टाकतात. त्या मुलामुलींना कृतघ्न म्हणणे सोपे आहे. ती उद्या परतलीच, तर त्यांची पहिली गाठ कोणत्या टेबलाशी, कोणत्या नियमाशी आणि कोणत्या वृत्तीशी पडेल, हे पाहणे अवघड आहे. पण समाज म्हणून तेच आपल्या हाती आहे.

सिर्केजी स्थानकातून निघालेल्या पहिल्या पिढीतील अनेकांनी मृत्यूनंतर तरी आपल्या गावच्या मातीत विसावा मिळावा, अशी तजवीज करून ठेवली होती. जर्मनीतील तुर्की संस्था त्यासाठी वर्गणीचे निधी चालवतात आणि शवपेट्या विमानाने अनातोलियात पोहोचतात. मरणोत्तर परतीची ही व्यवस्था चोख आहे. जिवंतपणीच्या परतीची व्यवस्था तितकी चोख करणे, हेच खऱ्या राष्ट्रनिर्मात्याचे कार्य होय.